‘रोजची भाकर’: ग्रीकच्या तासाला अडलेली एक ओळ

प्रवराकाठची (धागा)

मंडळींना जय ख्रिस्त, बाकी सगळ्यांना नमस्कार.

मी पुण्यात ईश्वरविज्ञान शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. गाव नेवासा तालुक्यात, घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजी बायबलबाई होती. काखेत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन वाड्यावस्त्यांवर पायी फिरायची, ओट्यावर बसून बायकांना वाचून दाखवायची. हे आधीच सांगते, कारण आज जे लिहायचंय त्याची सुरुवात वर्गात झाली, पण ते तिच्याच घरात जाऊन पोचतं.

गेल्या महिन्यात ग्रीकच्या तासाला बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मुळातून वाचत होतो. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली. अक्षरओळख व्हायच्या आधीपासून मला पाठ आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीवर आलो आणि सर म्हणाले, ‘आता शब्दकोश मिटा, इथे त्याचा उपयोग नाही.’ आपण जिथे ‘रोजची’ म्हणतो तिथे ग्रीकमध्ये एपिऊसिओस असा शब्द आहे. तो मत्तयात येतो, लूकात येतो, आणि त्याआधीच्या ग्रीक लिखाणात तो खात्रीने दाखवता येत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिगेन ग्रीकमध्येच वाढलेला माणूस. त्यानेही लिहून ठेवलंय की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि साध्या लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. मग अर्थ काय? आजच्यापुरती? उद्याची? जगायला लागेल तेवढी? जेरोमने लॅटिन भाषांतर करताना मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा भारदस्त शब्द घातला आणि लूकात तोच शब्द साधा ‘रोजची’ असा ठेवला. एकच माणूस, एकच प्रार्थना, दोन उत्तरं.

वर्गात यावर तासभर चर्चा झाली. माझं मन मात्र पुढच्या शब्दावर जाऊन बसलं होतं. आर्तोस. भाकर.

मराठीत ही ओळ ज्यांनी आणली त्यांच्यापुढे किती शब्द होते बघा. ‘अन्न’ होता, सगळ्यांना चालणारा, सोवळ्यातही बसणारा. ‘पोळी’ होता, पण गहू तेव्हा कुणाच्या घरात होता? ‘पाव’ होता, तो तर पोर्तुगीजांच्या ‘पाँव’वरूनच आलेला, म्हणजे ख्रिस्ती लोकांबरोबर आलेला शब्द. तरी प्रार्थनेत बसली ती भाकर. योहानाच्या सहाव्या अध्यायात त्या मुलाजवळ असतात त्याही ‘जवाच्या पाच भाकरी’. जव हे त्या मुलखातल्या गरिबाचं धान्य. म्हणजे मराठी शब्द नुसता सोपा आहे असं नाही, तो नेमका आहे.

आणि एक गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नव्हती. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोक मिसरातून घाईने निघतात, पीठ फुगायला वेळ नाही म्हणून ‘बेखमीर भाकर’ भाजून नेतात. संडे स्कूलमध्ये हा ‘बेखमीर’ शब्द आम्हांला फार गूढ वाटायचा. बाई फळ्यावर लिहून समजावून सांगायच्या. आजीच्या तव्यावर रोज दोन वेळा बेखमीर भाकरच पडत होती, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

आजीची भाकरी मी डोळे मिटून सांगू शकते. पितळी परातीत ज्वारीचं पीठ, मध्ये आळं, त्यात कढत पाणी. तळहाताच्या टाचेने रेटून रेटून मळायचं, पिठाला वास सुटेपर्यंत. मग गोळा, खाली कोरडं पीठ, आणि बोटं सरळ ठेवून थापत थापत फिरवत न्यायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी सुकतंय न सुकतंय तोच उलटायची, आणि शेवटी तवा काढून निखाऱ्यापुढे उभी करायची. टम्म फुगली की आजी म्हणायची, ‘प्रभू, तुझे उपकार.’ प्रत्येक भाकरीला नाही, फक्त पहिलीला. ती पहिली भाकरी बाजूला ठेवायची. दारात कुणी आलं तर त्याची, नाही आलं तर रात्री तीच खायची.

१९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. मिलोची भाकरी थापताना कडेने चिरते, फुगत नाही, गार झाली की चिवट होते. आजी सांगायची, ‘त्या भाकरीवर पण प्रार्थना केली. पण डोळे मिटताना रडू यायचं, कारण पोरं खात नव्हती.’

आता तो शब्द. शाळेत सातवीत असताना एका शिक्षकांनी भर वर्गात विचारलं, ‘तुम्ही भाकरीचे ख्रिस्ती ना?’ पोरं हसली. भाकरीसाठी धर्म बदललेले, हा त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, पण अंग गरम झालं. घरी येऊन वडिलांना विचारलं. ते जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस प्रार्थनेत ती ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचे.

ग्रीकच्या त्या तासाला ही मिटलेली ओळ परत उघडली. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घरांचा अख्खा इतिहास या एका शब्दात आहे असं मला वाटू लागलंय: दुष्काळ, मिशन, जात, प्रार्थना, चूल. आणि आमच्या अभ्यासक्रमात तो कुठेच नाही. पुस्तकं इंग्रजी, उदाहरणं जर्मनीची. ऑगस्टीन मला मनापासून आवडतो. या ओळीचे त्याने तीन अर्थ लावलेत: पोटाचं अन्न, प्रभुभोजनातली (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत मोडतात ती) भाकर, देवाचं वचन. लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत याच ओळीखाली घर, शेत, गुरं, चांगलं सरकार, चांगला शेजारी इतकं सगळं मांडलं. निस्साचा ग्रेगरी सांगतो की आपल्याला फक्त भाकर मागायला शिकवलंय, सोनंनाणं नाही. हे सगळं वाचते आणि दर वेळी वाटतं, यांच्या शेजारी आजीची पहिली भाकरी कुणीतरी मांडून ठेवायला हवी.

तर विचारायचं आहे: तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ही ओळ कशी म्हणतात? प्रभुभोजनाला काय मोडतात? आमच्याकडे पावाचे चौकोनी तुकडे असतात. रसासाठी काळ्या मनुका शनिवारी रात्री कोमट पाण्यात भिजत घालतात, सकाळी कुस्करून पंचातून गाळतात. ते काम लहानपणी माझ्याकडे असायचं. बोटं दुपारपर्यंत गोड लागायची.

कादोडी

ताई, वसईहून लिहितोय. तुमची आजी डोळ्यांपुढे उभी राहिली.

आम्ही सामवेदी कॅथलिक, घरात कादोडी बोलतो. आमच्याकडे भाकरी तांदळाची, त्यामुळे ‘भाकर’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरी भाकरी येते. पण मला तुमच्या ‘पाव’वर थोडं लिहायचं आहे. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, म्हणजे दोनशे वर्षं. त्या काळाबद्दल आमच्याकडे आणि कोकणात सगळीकडे एक गोष्ट सांगतात: विहिरीत पाव टाकला, गावाने पाणी प्यालं, गाव बाटलं. खरं काय घडलं ते इतिहासकारांनी ठरवावं. माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. पावाच्या एका तुकड्याने माणूस कायमचा परका होऊ शकतो, असं वाटणारा समाज किती घाबरलेला असेल! आणि त्या गावाला ‘या, परत आमच्यात बसा’ म्हणणारं कुणीच नव्हतं का?

तुम्हांला ‘भाकरीचे’ म्हणाले, आम्हांला ‘पाववाले’ म्हणतात. मीही ऐकलंय.

मिस्सा, म्हणजे आमची उपासना, तिच्याबद्दल: वडिलांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, मराठी आली. वडील सांगतात, पहिल्यांदा वेदीवरून मराठी ऐकलं तेव्हा काही म्हाताऱ्यांना ते बरं वाटलं नाही, देवाशी बोलायची भाषा घरच्यासारखी कशी असेल म्हणून. आजी मात्र म्हणाली होती, ‘आता कळलं, इतकी वर्षं काय मागत होते ते.’

ख्रिस्तप्रसादाची चकती आमच्याकडे गव्हाचीच लागते, बेखमीर. चर्चचा नियमच तसा आहे, त्यात तांदूळ-ज्वारी चालत नाही.

सायली_वाचते

वाचनखूण साठवली. ‘बेखमीर’वाला परिच्छेद दोनदा वाचला.

चौकस

लेख आवडला. एक प्रश्न विचारतो, दुखवायचा हेतू नाही. दुष्काळात मिशनने धान्य दिलं आणि त्यानंतर मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले, हे तर खरं आहे ना? मग त्या शिक्षकांचं बोलणं उद्धट असेल, पण चुकीचं होतं का?

प्रवराकाठची

चौकस दादा, सरळ विचारलंत हे बरं केलंत. उत्तर थोडं लांबेल.

हो, खरं आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९९–१९०० ला नगर भागात मिशनांनी कामं काढली, धान्य वाटलं, आणि त्यानंतर गावंच्या गावं, बहुतेक महार आणि मांग वस्त्या, ख्रिस्ती झाल्या. मिशनऱ्यांमध्येसुद्धा यावरून वाद होते. यांना लगेच बाप्तिस्मा द्यावा की थांबावं, हे मनाने आलेत की पोटाने, असं ते एकमेकांना विचारत होते. हा इतिहास मी लपवणार नाही.

पण ‘पोटाने’ आलेला माणूस खोटा असतो, हे कुणी ठरवलं? योहानाच्या त्याच सहाव्या अध्यायात लोक येशूच्या मागे होड्या घेऊन येतात आणि तो त्यांना तोंडावर सांगतो: तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. म्हणजे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने आदल्या दिवशी पाच हजारांना आधी गवतावर बसवून जेवू घातलं होतं, आणि जेवणाआधी कुणाची परीक्षा घेतली नव्हती. ‘मीच जीवनाची भाकर आहे’ हे वाक्य त्याच लोकांना, त्याच बोलण्यात सांगितलंय. ते वाक्य कळायला आधी भूक माहीत असावी लागते असं मला वाटतं.

दुसरं. माझ्या खापरपणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. दुष्काळ नसतानाही त्यांना भाकर मिळायची ती येसकरपाळीची, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार फिरून मागितलेली, शिळी. मिशनच्या कामावर पहिल्यांदा मोजून मजुरी मिळाली, आणि मुलाला शाळेत पाटी मिळाली. त्यांनी देव बदलला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण भाकर मागून खाण्यातून सुटावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काय आहे, हे आज सातवीतल्या त्या शिक्षकांना विचारावंसं वाटतं.

आणि तिसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांना भाकरीचा प्रश्न कुणी शिकवायची गरज नव्हती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात, तीर्थयात्रा करत फिरताना, त्यांचे वडील, आई आणि बहीण थोड्याच काळात भुकेने गेले. घर शास्त्र्यांचं, मुलीला संस्कृत शिकवणारं. वाचलेले दोघं बहीणभाऊ पुढे पायी हिंडत राहिले. त्या ख्रिस्ती झाल्या १८८३ मध्ये, इंग्लंडात, पुष्कळ वाद घालून. तिथल्या धर्मभगिनींनी दिलेल्या क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांनासुद्धा त्यांनी हरकत घेतली, त्यांना तिथे संस्कृत हवं होतं. मग १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांना जेवू घातलं, वाचायला शिकवलं. आणि शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवले, बायकांनी छापलं. रमाबाई १९२२ ला गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर आला. खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे, हा एकच ध्यास. भुकेने घर गमावलेली बाई ‘भाकर’ हा शब्द लिहिते तेव्हा तो कसा लिहीत असेल, याचा विचार करून मी एकदा ग्रंथालयात पुस्तकावर डोकं ठेवून बसले होते.

चौकस

धन्यवाद. येसकरपाळीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी जो प्रश्न विचारला तो पुन्हा विचारणार नाही.

ओवीवेडी

मी ख्रिस्ती नाही, जुन्या मराठीच्या प्रेमापोटी ‘ख्रिस्तपुराण’ वाचलं. इथे ते यायलाच हवं.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, इंग्लंडचे जेझुइट. गोव्यातल्याच साष्टीत आयुष्य काढलं. पुराण १६१६ ला रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत, जवळजवळ ११,००० ओव्या. सुरुवातच ऐका:

वो नमो विस्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेस्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचा रचणारा

‘ॐ नमो जी आद्या’ ज्याच्या कानात आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. आणि धागालेखिका नेवाशाच्या आहेत! ज्या गावात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथलीच ओवी सव्वातीनशे वर्षांनी एका इंग्रजाच्या हातून साष्टीत उमटली.

पण मला त्या ग्रंथाचं निमित्त जास्त भिडतं. पुराणातच सांगितलंय की देवळात पाद्री शिकवत असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारलं: आमची आधीची पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं पुराण का करून देत नाही? माझ्या मते हीसुद्धा भाकरच मागितली आहे.

पुढचं दुःखाचं आहे. १६८४ ला गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. ग्रंथाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांपैकी, १६१६, १६४९, १६५४, एकही प्रत आज हाती नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी हस्तलिखितं जपली, ओव्या गात राहिले, म्हणून १९०७ ला मंगळूरला पुन्हा छापता आलं. देवनागरीत १९५६ ला, पुण्यात.

गोंयकार

वरच्या ताईंनी सगळं सांगितलं. एकच भर घालतो. आमच्या कोंकणी प्रार्थनेत भाकर नाही, पाव नाही. ‘गिरास’ आहे. ग्रास, म्हणजे घास. दिवसाचा घास आज आम्हांला दे. माझी आई शेवटच्या आजारात भाताचा एकेक घास घ्यायची तेव्हा हा शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला असं म्हणेन.

प्रवराकाठची

गोंयकार, ‘गिरास’ मी वहीत लिहून घेतला. एपिऊसिओसवर पानंच्या पानं वाचली, ‘जगायला लागेल तेवढी’ हा अर्थ इतका स्पष्ट कुठेच दिसला नव्हता.

ओवीवेडी ताई, तुमचे आभार कसे मानू? खरं सांगते, ‘ख्रिस्तपुराण’ मी सेमिनरीत येईपर्यंत पाहिलंही नव्हतं. आमच्या घरात पुस्तकं तीन: बायबल, उपासना संगीत आणि आजीची पिवळी पडलेली ‘स्मृतिचित्रे’. हे तिसरं मी दहावीच्या सुट्टीत वाचलं, तेव्हा हसत वाचलं. आता वाचते तेव्हा त्यात सगळीकडे चूलच दिसते. कवी नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका, १९०० ला. मधली पाच वर्षं! त्यात त्यांचं वेगळं शिजवणं, सोवळं सांभाळणं, कुणाच्या हातचं पाणी चालेल आणि कुणाच्या नाही याची रोजची ओढाताण. नवऱ्याने मतांतर केलं ते विचार करून, वाचून. बायकोचं मतांतर स्वयंपाकघरात झालं, घोटाघोटाने, घासाघासाने. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि मग कुणाच्याही हातचं खायला लागल्या. बाप्तिस्मा नंतर. माझ्या मते मराठी ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचं सगळ्यांत खरं प्रकरण ते आहे, आणि आमच्या वाचनयादीत ते नाही. मी विभागाकडे अर्ज दिलाय. बघू.

जालनेकर

ताई, सगळं वाचलं. मन भरून आलं. पण कुणीतरी हे लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

भाकर एक झाली, पंगत झाली का?

आमच्या जालन्याजवळ बेथेल आहे. नारायण शेषाद्रींनी, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाने, मांग ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलेलं. अशी माणसं होऊन गेली, मी त्यांना मानतो. पण माझ्या आजोबांनी सांगितलेलं पण ऐका. एका मंडळीत (नाव घेत नाही) प्रभुभोजनाचा पेला फिरायचा तेव्हा काही घरं आधी पुढे जाऊन प्यायची, आमची घरं शेवटी. कुणी नियम केला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं. पुढे लहान लहान वेगळे पेले आले, सगळे म्हणाले आरोग्यासाठी चांगलं. आजोबा म्हणायचे, बरं झालं, आता कोण आधी ते दिसत नाही. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, ‘हे मूळचे कोण?’ तो तर या शतकातला प्रसंग आहे.

आणि बाहेरचं. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना ठेवली, १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाली. आम्हांला नाही. २००७ ला मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हटलं, तरी नाही. म्हणजे ज्यांना ‘भाकरीसाठी गेले’ म्हणतात, त्यांनी बाप्तिस्मा घेऊन सरकारी भाकर सोडली आहे. माझ्या वर्गातल्या दोघांची कागदावर एक नावं आणि मंडळीत दुसरी आहेत. तुम्ही ईश्वरविज्ञान शिकताय, तर यावर लिहा. ग्रीकवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

कादोडी

जालनेकर, आमच्याकडेही लग्नं अजून समाजातच होतात. सामवेदी सामवेद्यात, वाडवळ वाडवळात. तुमच्याइतकं कुणी सोसलेलं नाही, पण प्रश्न तोच आहे. गप्प बसणं बरोबर नव्हतं, म्हणून ही दोन वाक्यं.

प्रवराकाठची

जालनेकर दादा, तुमचा प्रतिसाद तीन दिवस उघडून बसले होते.

तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते माझ्याही मंडळीत आहे. मी वर मनुकांचं लिहिलं, पण वेदीवर पेला कोण धरायचं ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलातल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जे झापलंय ते नेमकं यावर आहे. तुमच्यात एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन मस्त होतो, आणि तुम्ही म्हणता हे प्रभूचं भोजन? तो स्पष्ट सांगतो, हे प्रभूचं भोजन नव्हेच. आपण प्रत्येक प्रभुभोजनाच्या वेळी त्या अध्यायातली पुढची वचनं वाचतो, ‘ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं’ तिथून. आधीची सहा-सात वचनं कुणीच वाचत नाही. मी माझ्या आठवणीत एकदाही ऐकलेली नाहीत. या सत्राचा निबंध त्या न वाचलेल्या वचनांवर लिहिते, विषय बदलून घेतलाय. तुमच्या आजोबांची हकीकत त्यात घेऊ का? गावाचं, मंडळीचं नाव न घेता. नको म्हणालात तरी चालेल.

मी सध्या ‘दिदाखे’ वाचते आहे. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांची शिकवणुकीची छोटी पोथी, शेकडो वर्षं हरवलेली. १८७३ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये हस्तलिखित हाती लागलं, १८८३ ला छापलं गेलं. त्यात भाकर मोडतानाची प्रार्थना आहे, तिचा अर्थ असा: ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो. डोंगरांवर विखुरलेली म्हणजे धान्य. खळ्यावर मळणी पाहिलेल्या माणसाने केलेली प्रार्थना. पण दाणा दळल्याशिवाय त्याची भाकर होत नाही, आणि दळलं जायला आपल्यातली काही घरं अजून तयार नाहीत.

जालनेकर

घ्या. आजोबांचं नाव घातलंत तरी त्यांना आवडलं असतं, पण नको. आणि ती आधीची वचनं एखाद्या रविवारी मोठ्याने वाचा. निबंध सेमिनरीत राहील, वचन मंडळीत ऐकू येईल.

थोरली_मावशी

बाळा, मी लिहिणाऱ्यांतली नाही. नात वाचून दाखवते आणि मी सांगते ते टाइप करते.

तू विचारलंस प्रभुभोजनाला काय मोडतात. आमच्या खेड्यातल्या मंडळीत कापणीच्या सणाला मी ज्वारीची भाकरी करून नेते, वीसेक वर्षं झाली. एरवी पावच असतो. त्या दिवशी लोक नव्या ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, कोंबडी असं अर्पण आणतात, मग वेदीवर शहरातला पाव बरा दिसत नाही, असं मीच पाळकसाहेबांना म्हटलं. पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी नाक मुरडलं. आता म्हणतात, मावशी, पुढच्या महिन्यातही करा.

वसईचे दादा म्हणतात त्यांच्याकडे चालत नाही, तर ते त्यांचं. ज्याचा त्याचा नियम.

प्रवराकाठची

मावशी, डोळ्यांत पाणी आलं. बेखमीर की खमीर यावरून पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्या १०५४ च्या सुमारास हमरीतुमरीवर आल्या होत्या, त्यावर परवाच परीक्षेत लिहिलं. आमच्या मंडळीतही कापणीच्या सणाला भाकरी न्यावी असं आता फार वाटतंय. पण माझी भाकरी अजून गोल येत नाही, आजीही राहिली नाही. मंडळीत साठेक माणसं असतात. किती लागतील? आणि मोडताना भुगा होत नाही का?

थोरली_मावशी

साठ माणसांना तीन पुष्कळ. पाणी कढतच घे आणि पीठ नीट रेटून मळ, मग कडा चिरत नाही. जाड थापू नकोस. रविवारी पहाटे भाज, आदल्या रात्रीची नको, ती वातड होते. भाजली की लगेच झाकू नकोस, घाम धरते. वाफ गेली की धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळ, म्हणजे मऊ राहते आणि भुगा होत नाही. जो थोडा होईल तो फडक्यातच धरून ठेव. आमच्याकडे उपासना झाली की तो लहान पोरं मागून घेतात.

गोल नाही आली तरी ने.